उसन्या दिलेल्या तिघी

काल दुपारी फक्कीची गोणी फोडली. मैदानावर रेषा आखायची ही पांढरी भुकटी थोडी नाकात जाते, थोडी डोळ्यांत, आणि मग कितीही खोबरेल चोळलं तरी हात दोन दिवस कोरडेच राहतात. पाऊस गेलाय. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर येऊन बसलंय. आंबिवलीच्या बाजूची भातं पिवळी होऊन कापणीला आली आहेत आणि मी, साठी ओलांडलेली, शाळेतून निवृत्त झालेली पी.टी.ची बाई, फक्कीचा डबा हलवत पाठमोरी चालते आहे. रेषा वाकडी गेली की पोरी हसतात. हसू देत. माझ्या रेषा चाळीस वर्षं वाकड्याच जातायत आणि चेंडूला त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी आमच्या क्लबच्या सगळ्यात चांगल्या तीन पोरी एका हंगामासाठी दुसऱ्या क्लबांना खेळायला दिल्या. फुटबॉलमध्ये याला लोनवर देणं म्हणतात. मी आपलं उसनं देणं म्हणते. शेजारीण वाटी घेऊन विरजण मागायला आली तर आपण देतोच की, आणि आपलं दही त्यामुळे अडत नाही. पण कल्याण-डोंबिवलीतल्या शहाण्यासुरत्या माणसांनी याला वेडेपणा म्हटलं. काहींनी तोंडावर म्हटलं, काहींनी ग्रुपवर हात जोडलेली बाहुली टाकून म्हटलं. आता वर्ष झालं. त्यांना उत्तर द्यायचं राहिलंय, आणि ते मी गोड बोलून देणार नाही.

आमच्या क्लबचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार. मुलींचा क्लब आहे, जिल्ह्याच्या लीगमध्ये खेळतो. कुणी कॉलेजात, कुणी नोकरीत, एक तर लग्न झालेली, सासूला योगाच्या वर्गाला जाते सांगून येणारी. सासूला सगळं ठाऊक आहे. गेल्या वर्षी ती एका सामन्याला मागच्या रांगेत येऊन बसली आणि सुनेला पाडणाऱ्या पोरीला तिनं अशी शिवी हासडली की रेफरीनं वळून बघितलं.

सराव होतो भोईरकाकांच्या शेतावर, आंबिवलीच्या पलीकडे, जिथे त्यांच्या वडिलांच्या वेळेपर्यंत भात व्हायचं. काकांनी भात बंद केलं आणि जमीन आम्हाला खेळायला दिली. का दिली, हे विचारलं की ते सांगतात, "पोरी धावताना बगितल्या की बरा वाटतं. जमीन पडून रायल्यापेक्षा पायाखाली तरी येते." काकू, म्हणजे त्यांची बायको, आमच्या जर्स्या धुते. हे काम तिला कुणी दिलेलं नाही. पहिल्याच वर्षी तिनं चिखलानं माखलेला गठ्ठा बघितला, कपाळावर हात मारला आणि उचलून नेला.

तर गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता काकांच्या भाऊबंदांनी त्यांच्या वाट्याची जमीन विकली. आठवडाभरात शेताच्या मधोमध निळे पत्रे उभे राहिले. आमचं मैदान बरोबर निम्मं झालं. गोलपोस्ट एकच उरला. दुसरा पत्र्यांच्या पलीकडे गेला आणि त्यावर कुणीतरी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळत घातल्या.

निम्म्या मैदानावर काय शिकवणार? लांबचा पास नाही, मोकळं धावणं नाही. चेंडू जोरात मारला की पत्र्यावर धाडकन आवाज आणि पलीकडून वॉचमनची शिवी. त्यात तीन पोरी अशा होत्या की त्यांना आता मोठं मैदान मिळालं नाही तर त्या तिथेच राहणार होत्या. आमची गोलकीपर केतकी, डावीकडून खेळणारी सायली आणि गोल मारणारी हर्षदा. केतकीला कोल्हापूरच्या एका क्लबनं विचारलं होतं, सायलीला गोव्याच्या, हर्षदाला ठाण्याच्या. मी तिघींनाही हो म्हटलं.

त्या दिवशी वैदेही माझ्याशी भांडली. वैदेही आमची कॅप्टन. कल्याणला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, आणि बचावात खेळताना समोरच्या पोरीचंही जवळजवळ काढते. तिला कुणी मागितलं नव्हतं.

"बाई, सिरीयसली? तिघी? मग आम्ही काय, भजन करायचं?"

"खेळायचं."

"कोणाला घेऊन? गोलमध्ये कोण, तुम्ही?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला दिसू नये म्हणून ती बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती. "खाली जाऊ आपण, बाई. शेवटचा नंबर येईल आणि खालच्या डिव्हिजनमध्ये फेकतील. आणि त्या तिघी? त्या परत येणार? लोनवर गेलेलं कोण परत येतं? तिकडे गवत बघतील, लाइट बघतील, इथे पत्रे बघायला कशाला येतील?"

मला राग आला. खरं सांगायचं तर तिचं बोलणं खरं असू शकतं म्हणून राग आला. मी तिला म्हटलं, तुझ्यासारखीच माणसं मुलींना उंबऱ्याच्या आत ठेवतात. हे फार लागट होतं. असं बोलायला नको होतं, आणि मी अजून तिची माफी मागितलेली नाही.

मग ते फॉर्म आले. लोनचा फॉर्म छापील असतो, खाली दोन्ही क्लबांच्या सह्या लागतात. त्यात चौथी ओळ अशी असते की सदर खेळाडू आपल्या मूळ क्लबविरुद्धच्या सामन्यात खेळणार नाही. सगळीकडे हीच पद्धत आहे. आपण दिलेल्या खेळाडूनं आपल्यालाच हरवू नये, एवढा साधा हिशोब. कोल्हापूर आणि गोवा वेगळ्या स्पर्धांत खेळणार, तिथे प्रश्नच नव्हता. पण ठाण्याचा क्लब आमच्याच लीगमध्ये होता. हर्षदाच्या फॉर्मवर ती ओळ वाचली आणि मी पेन उचलून ती खोडली. पट्टी धरून, सरळ. आयुष्यात आखलेली माझी एवढी एकच रेषा सरळ आली असेल. बाजूला सही केली.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. मी बावीस वर्षांची असताना मुंबईच्या एका संघानं मला एका स्पर्धेपुरतं मागून नेलं होतं. एक सामना नेमका आमच्या डोंबिवलीच्या मुलींशी आला. सकाळी कळलं की मला बसायचंय, नियम आहे. पण दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कोण कळवणार? ते कचेरीतून अर्धी रजा टाकून आले होते, हातात डबा, डब्यात साबुदाण्याची खिचडी. त्यांनी माझा खेळ आधी कधी बघितलेला नव्हता. नव्वद मिनिटं मी बाकावर आणि ते समोरच्या बाजूला उभे. सामना संपल्यावर ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुला बरं नाही का गं?" मी हो म्हणाले. ते पुन्हा कधी सामन्याला आले नाहीत, म्हणजे त्यांना यायला जमलं नाही, आणि मग मीही खेळायची थांबले. ती खिचडी मी घरी येऊन खाल्ली. अजून कुठे साबुदाण्याची खिचडी समोर आली की मला तो बाक आठवतो आणि चीड येते. तेव्हा आमची पोरगी कुठेही गेली तरी बाकावर बसायला जाणार नाही, हे मी त्या पेनानं लिहिलं होतं. लोकांनी त्याला बाईंचा तोरा म्हटलं. असेल तोरा.

तो हंगाम मला आठवतो तो काकांच्या ओसरीवरून. रविवारी सकाळी सराव झाला की सगळ्या तिथे बसायच्या, काकू चहा आणायची, घामाचा आणि गवताचा वास, बुटांतून ठोकून काढलेली माती अंगणात. समोर दोरीवर जर्स्या. त्यांत तीन जर्स्या दर रविवारी असायच्या ज्या कुणीच घातलेल्या नव्हत्या. आमच्याकडे कुणी उसनं गेलं की तिचा नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, जर्सी खुंटीवर तशीच ठेवायची, अशी पद्धत आम्हीच पाडली होती. पण न घातलेल्या जर्स्या धुवायच्या, ही काकूची भर. मी एकदा म्हटलंसुद्धा, अहो काकू, पाणी कशाला वाया घालवता?

"खुटीवर धूल बसते ना," काकू म्हणाली. "पोरी येतील, मग मलकी घालतील?"

मग कुणीतरी फोन उभा करून ठेवायचं आणि तिघींच्या बातम्या सुरू व्हायच्या. केतकी कोल्हापुरात आधी महिनाभर नुसती रडली. हॉस्टेलची खोली, तांबडा रस्सा, आणि मैदानावर मुलींच्या सामन्यालाही शिट्या मारत उभी राहणारी पेठेतली माणसं. पहिल्या सामन्यात तिनं सोपा चेंडू सोडला आणि मागून एक म्हातारा ओरडला, "पोरी, चेंडू हाय, भाकरी न्हवं, भाजत न्हाई!" त्यानंतर तिला हसू फुटलं आणि ती खेळायला लागली. पुढे बोट मोडलं, शेजारच्या बोटाला बांधून ती पुढचा सामना खेळली. मला कळवलं नाही. मला ते व्हिडिओत दिसलं आणि मी फोनवर तिला अर्धा तास झापलं. झापताना माझा ऊर भरून आला होता, हे तिला कळलं असणारच.

सायलीचं वेगळं झालं. ती गोव्यात रुळलीच नाही. बदली म्हणून दोनदा शेवटची दहा मिनिटं मिळाली, बाकी बाक. तिनं फोन केला की आम्ही आधी समुद्र दाखव म्हणायचो, ती दाखवायची, आणि समुद्राच्या आवाजात तिचा आवाज बारीक व्हायचा. मी तिला सांगत राहिले, हंगाम पुरा कर. डिसेंबरात एका रविवारी काकांच्या अंगणात बॅग घेऊन ती उभी. दोन दिवस आधी निघालेली, कुणाला न सांगता. तिला बाकावर बसायला पाठवणार नाही म्हणणारी मीच होते आणि ती तीन महिने बाकावरच बसली होती. शेवटी काका म्हणाले, "आली ना? मग उबी कशाला? बस. चाय घे."

तिची नोंदणी गोव्याच्या क्लबकडे, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत ती आमच्याकडून खेळू शकत नव्हती. ती रोज यायची. पोरींकडून वॉर्म-अप करून घ्यायची, पाण्याच्या बाटल्या भरायची, आणि फक्कीच्या रेषाही त्या हंगामापुरत्या तिनं माझ्याकडून काढून घेतल्या. तिच्या रेषा सरळ यायच्या. काही लोक मला म्हणाले, बघा, एक तर वाया गेली. वाया कोण गेलं? आजही आमच्या धाकट्या मुलींना बाकावर बसून सामना कसा बघायचा, हे सायली शिकवते, आणि तिच्याइतकं ते कुणालाच येत नाही.

हर्षदा मात्र सुटली. आंबिवलीजवळच्याच गावातली पोर, आई शहाडला भाजी विकते, पोरीचा पाय असा की चेंडू तिला विचारून वळतो. ठाण्याला तिला पूर्ण मैदान मिळालं, आणि इतकी वर्षं शेताच्या ढेकळांत धावायची सवय झालेल्या त्या पायांना तेवढं मैदान म्हणजे काय करू नि काय नको असं झालं. दर आठवड्याला गोल. ओसरीवर आम्ही ते व्हिडिओ बघायचो. वैदेही बघायची नाही. ती भिंतीला टेकून मोजे गुंडाळत बसायची, आणि गोल झाल्याचा आवाज आला की विचारायची, "डाव्या पायानं ना?" नेहमी बरोबर असायचं.

आणि आमचं काय चाललं होतं? आम्ही हरत होतो. नवी गोलकीपर मनापासून उड्या मारायची, पण चेंडू पलीकडून गेल्यावर. जानेवारी सरता सरता गुणतक्त्यात आम्ही तळाला जवळजवळ बसलेलो, आणि शेवटचा सामना उरला. तो बरोबरीत सुटला तरी आम्ही वर राहणार होतो. हरलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये. सामना ठाण्याच्या क्लबशी.

त्यात कुणीतरी बातमी आणली की राज्याच्या संघासाठी मुली बघणारे कुणी त्या सामन्याला येणार आहेत.

आदल्या दिवशी ठाण्याच्या कोचचा फोन आला. भली मुलगी होती. म्हणाली, "बाई, तुम्ही ती ओळ खोडलीत, त्यामुळे हर्षदाला खेळवायला मला काही अडचण नाही. पण तुमची परिस्थिती मला कळते. तुम्ही नुसतं सांगा, मी तिला बसवते. कुणाला कळणारही नाही."

मी म्हटलं, कळवते. फोन ठेवला आणि काकांच्या ओसरीवर गेले. मला भीती वाटत होती. चाळीस वर्षं पोरींना घाबरू नका सांगणारी बाई, आणि आता मीच घाबरलेली. एक फोन केला की क्लब वाचत होता. वैदेही तिथेच होती, तिला मी सांगितलं. ती एकदम उभी राहिली.

"बाई, प्लीज. एकदा. एकदा आमच्या बाजूनं व्हा ना. ती नाय खेळली तर आम्ही बरोबरी काढू शकतो, मी लिहून देते. आम्ही पण तुमच्याच आहोत ना?"

हे 'आम्ही पण' मला अजून ऐकू येतं. तिचं चुकलं नव्हतं. जाणाऱ्यांचं कौतुक होतं, राहणाऱ्यांनी मार खायचा, हेच वर्षभर चाललं होतं. मी तिला म्हटलं, "तुमच्याच बाजूची आहे गं. पण त्या पोरीला बाकावर बसवून वर राहिलो, तर पुढच्या वर्षी मी कुठल्या तोंडानं कुणाला खेळायला सांगू?" दोरीवरच्या जर्स्या काढत काकू मध्येच म्हणाली, "हर्षूची पन घेऊ का बॅगेत? आयत्या वेली लागली तर?" जर्सी बॅगेत गेली. मी ठाण्याला फोन केला नाही. कळवते म्हटलं होतं, तेवढं मात्र मी पाळलं नाही.

सामना डोंबिवलीला एका शाळेच्या मैदानावर होता, सकाळी. जानेवारीतलं धुकं, मैदानाच्या टोकाचा गोलपोस्ट दिसत नव्हता, कुठेतरी शाळेतल्या मुलांची प्रार्थना. आमच्या पोरी वॉर्म-अप करून तयार. रेफरी तयार. ठाण्याची बस नाही. मग हर्षदाचा फोन आला.

"बाई, शीळफाट्याला अडकलोय! कंटेनर आडवा झालाय, गाडी हलंना! तुमी सुरू नका करू, येतोय आमी!"

नियम असा की अर्धा तास थांबायचं. दुसरा संघ आला नाही तर जो हजर आहे तो जिंकला. बरोबरी दूर राहिली, अख्खा विजय. रेफरी घड्याळ बघत होता. पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "वेळ संपलीय. तुमच्या कॅप्टनची सही झाली की सामना तुमचा. थांबायचं असेल तर तेही तुम्हीच सांगा." काका माझ्या कानाशी कुजबुजले, "बाय, आता तर देवच बोलतो, घेऊन टाक." मी वैदेहीकडे बघितलं. सही तिची होती. मी तोंडातून शब्द काढला नाही. खरं तर मला काढताच आला नसता, कारण त्या क्षणी मला ती सही हवी होती. हे लपवण्यात काय अर्थ आहे?

वैदेहीनं पेन हातात घेतलं. धुक्यात, फाटकाच्या दिशेनं बराच वेळ बघत राहिली. मग पेन परत केलं.

"थांबतो आम्ही."

"नक्की?" रेफरीनं विचारलं.

"सर, ती शीळफाट्याला अडकलीय म्हणून आम्ही वर राहिलो, असं कोणी बोललेलं मला नाय चालणार. येऊ दे तिला. तिला मी बघते."

बस आली तेव्हा धुकं उठलं होतं. हर्षदा धावतच उतरली, आमच्याकडे बघून हात वर केला आणि मग वैदेहीचं तोंड बघून खाली घेतला.

त्या नव्वद मिनिटांविषयी मी फार लिहिणार नाही, कारण मला सलग आठवतच नाही. वैदेही हर्षदाला चिकटून होती. तिनं पाठ वळवली की हिची छाती समोर. एकमेकींच्या सगळ्या खोडी ठाऊक असलेल्या दोन पोरी, काकांच्या शेतावर पाच वर्षं एकमेकींना आपटून मोठ्या झालेल्या. हर्षदा डावीकडे झुकायच्या आत वैदेही डावीकडे असायची. ठाण्यानं एक गोल मारला, आम्ही एक फेडला. एकास एक. काठावर सायली फक्की लागलेल्या हातांनी तोंड झाकून उभी. आणि शेवटची दहा मिनिटं उरली असताना वैदेहीचा पाय एकदा, एकदाच, घसरला, आणि हर्षदानं चेंडू जाळ्यात घातला. उजव्या पायानं.

हर्षदा जिथल्या तिथे उभी, दोन्ही हात डोक्यावर, तोंड असं पाडलेलं की आत्ता रडेल. तिच्या नव्या मैत्रिणी तिच्या अंगावर येऊन पडत होत्या आणि ती दगडासारखी. माझा जीव तुटला. आणि तेव्हा वैदेही उठली, गुडघ्यावरची माती न झटकता तिच्यापर्यंत गेली आणि काठावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ए, नाटक नाय करायचं! मारलास ना गोल? मग ओरड! एवढं थांबलोय तुझ्यासाठी!"

हर्षदा ओरडली. रडत रडत ओरडली. मी टाळ्या वाजवत होते आणि माझ्या शेजारचे लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते. त्यानंतर आमचा एक चेंडू खांबाला लागून परत आला. आम्ही हरलो, आणि खाली गेलो.

आता ऐका, कारण लोक इथेच गालात हसतात. राज्याच्या संघाची यादी लागली, त्यात हर्षदाचं नाव नव्हतं. ते बघणारे आले होते की नाही, हेही आम्हाला कधी कळलं नाही. म्हणजे क्लब खाली गेला आणि पोरीलाही काही मिळालं नाही. काय मिळवलंत, बाई? भाजी मंडईत विचारतात, लग्नात पंगतीला बसून विचारतात. मी त्यांना म्हणते, त्या दिवशी माझी हर्षदा, बावीस वर्षांची पोरगी, नव्वद मिनिटं मैदानात होती आणि तिची आई शहाडचा धंदा बंद ठेवून काठावर उभी होती. पोरीला बरं नाही का, असं तिला विचारावं लागलं नाही. तुम्हाला हे मिळवणं वाटत नसेल तर तुमचा-माझा खेळ वेगळा.

आणि परत कोण येतं, असं विचारणाऱ्यांना मी ओसरीवर बोलावते. केतकी मार्चमध्ये आली, वाकडं जुळलेलं बोट मिरवत, आणि तिची फेक आता निळ्या पत्र्यांवर जाऊन आदळते. सायली तर आलीच होती. हर्षदाला ठाण्यानं कायमचं राहा म्हणून सांगितलं. ती गणपतीनंतर एका सकाळी विळा घेऊन आली आणि कमरेएवढ्या गवतात उतरली. मी विचारलं, ठाण्याला काय सांगितलंस? "काय सांगनार, बाई? खाली ढकलला मी, वर पन मीच आननार ना," म्हणाली, आणि गवत कापायला लागली. काकूनं खुंटीवरची जर्सी तिच्या हातात दिली. स्वच्छ होती.

काल फक्कीचा डबा रिकामा करून मी ओसरीवर टेकले होते, तेव्हा वैदेही आली, लॅबमधून थेट. तिनं बॅगेतून एक कागद काढला. लोनचा फॉर्म. तिच्या नावाचा. ठाण्याच्या त्याच क्लबनं तिला मागितलं होतं. हर्षदाला ऐंशी मिनिटं कुणी गोल मारू दिला नव्हता, हे त्यांच्या कोचनं लक्षात ठेवलं होतं.

"मला पण जायचंय, बाई," ती म्हणाली. "मोठ्या मैदानावर एकदा." मग खाली बघत, "राहिले असते खरं तर. पण तुम्हीच म्हणता ना, उंबऱ्याच्या आत राहायचं नाही."

वर्षभर गिळलेली ती माफी तोंडाशी आली, आणि मी म्हणाले, "तेव्हा मी तुला फार वाईट बोलले होते गं." ती म्हणाली, "माहितेय. चष्मा लावा आणि सही करा."

मी चष्मा लावला. कागद वाचत खाली आले तर चौथी ओळ आधीच खोडलेली होती. पट्टी धरून, सरळ, आणि बाजूला वैदेहीची सही.

"अगं, पण हे कशाला?" मी म्हटलं. "ते वरच्या डिव्हिजनमध्ये, आपण खालच्या. तुझी नि आपली गाठच पडणार नाही."

"यंदा नाय पडणार," वैदेही म्हणाली. "नीट वाचा ना, बाई. फॉर्म दोन हंगामांचा आहे."